तिसरी चांगली गोष्ट

पायाला गळू झालं म्हणून मी रत्नागिरीच्या एका इस्पितळात आठ दिवस पडून होतो. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर चालायच्या कमी, धावायच्याच जास्त. थकून त्यांनी राजीनामा लिहिला होता. पण मेट्रन नुकत्याच मुंबईला कसलंसं शिबिर करून आलेल्या. त्यांनी राजीनाम्याऐवजी वही पुढे केली. घरी जाण्याआधी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, महिनाभर. मग खुशाल जा.

सिस्टरना आठवायलाही सवड नसे. त्या आम्हालाच विचारत, "सांगा लवकर, आज माझं काय चांगलं झालं? बस चुकेल माझी!"

"माझ्यासारखा पेशंट मिळाला," मी म्हणालो.

"काका, चांगल्या गोष्टी लिहायच्यायत."

मी तिथे असतानाच त्यांचा महिना संपला. त्या संध्याकाळी दोनच गोष्टी जमल्या. तेव्हा शेजारच्या खाटेवरचे गुहागरचे आजोबा पाय आखडून म्हणाले, "बाय, बस गो जरा हितं."

सिस्टर बसल्या. अख्खा वॉर्ड गप्प झाला. मीसुद्धा कण्हायचं थांबवलं, यावरून काय ते समजा. पाच मिनिटांनी त्यांनी वहीत लिहिलं, "आज बसले."

दारातून मात्र वळून दम दिला, "आजोबा, उद्या टाके मी काढणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्याल तर बघा!"