पूर्ण नाव सांगा

"डोळे मिचकवा," मोबाइल मला म्हणाला.

मी म्हटलं, कोणाले सांगून राह्यली वो बाई? माझ्या डोळ्यांच्या जागी जन्मापासून नुसत्या मिटलेल्या पापण्या आहेत. त्या उघडत नाहीत, मग मिचकवू काय, कपाळ? "चेहरा वर्तुळात ठेवा," ती पुढे म्हणाली. कुठलं वर्तुळ? वर आहे का खाली, डावीकडे का उजवीकडे, हे सांगायची तिला गरज वाटली नाही. मी हात लांब करून मोबाइल इकडे तिकडे फिरवत बसले. शेवटी अगदी गोड आवाजात तिनं निकाल दिला, "आपण जिवंत व्यक्ती असल्याची खात्री होऊ शकली नाही." घ्या! गडचिरोलीतल्या माझ्या खोलीत पंख्याखाली बसून मी घाम पुसत होते, तोंडानं शिव्या चालू होत्या, आणि मी जिवंत नव्हते.

हे माझं कामच होतं. मी एका कचेरीत टेलिफोनवर बसते आणि सुट्टीच्या वेळात मोबाइलवरच्या सेवा तपासून देते, की आंधळ्या माणसाला त्या वापरता येतात की नाही. माझ्या मोबाइलमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे. बोट फिरेल तसा तो बोलतो. यावेळची सेवा ऑनलाइन ओळख पटवणारी होती. तुम्ही म्हणजे तुम्हीच, असं तिनं ठरवलं की मग दवाखान्याचं कार्ड, पेन्शन, सगळं पुढे सरकतं. पुण्याच्या एका मॅडमनं हे काम दिलं होतं. याला कागदावर 'सुगम्यता तपासणी' म्हणतात. शब्दच असा की आधी जिभेची परीक्षा.

काय डोंबलाची सुगम्यता! पहिल्या पानावर माझा आवाज नुसता म्हणत होता, "बटन. बटन. बटन." कशाचं बटन ते लिहायचं कोणाला सुचलंच नव्हतं. पुढे, आपण यंत्र नाही हे सिद्ध करायला चित्रांतून सायकली ओळखायच्या. माझ्याच्यानं ते होणार नव्हतं, म्हणजे मी यंत्रही ठरले. मी सगळं लिहून मॅडमना पाठवलं. त्या फार सभ्य. म्हणाल्या, "ताई, त्यासाठीच आपण सहाय्यित पद्धत ठेवली आहे. ज्यांना हे जमत नाही, त्यांच्याशी आमचा माणूस व्हिडिओ कॉलवर बोलतो. ती एकदा एखाद्या ज्येष्ठ ग्रामीण व्यक्तीकडून तपासून घ्याल का?"

मला लगेच माझी आत्या आठवली. म्हटलं, तपासणीही होईल आणि आत्याचं अडलेलं कामही होईल.

आत्या धानोऱ्यापासून आत, जंगलातल्या गावात राहते. धानाची शेती आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, घरी ती आणि तिची सून. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चुलीवरचं भांडं उतरवताना तिचा हात दोनदा पोळला. मी गमतीनं म्हटलं होतं, "काऊन घाबरतं आत्या, मी नाही का जगून राह्यली?" तर ती चिडून म्हणाली, "तू त जन्माची आंधळी, तुले सवय हाये. मी आता होऊन राह्यली." खरंच होतं ते.

डोळ्यांच्या शिबिराची गाडी गावात येणार होती. कार्ड असेल तर गाडीत बसायचं आणि ऑपरेशन करून यायचं, नसेल तर पुढच्या वर्षी बघू. आणि कार्ड ओळख पटल्याशिवाय निघत नव्हतं. धानोऱ्याच्या सेवा केंद्रावर आत्याचा अंगठा उमटला नाही. उमटणार कसा? जन्मभर चिखलात धानाची रोपं लावत रोवणा केला, तेंदूपत्त्याचे पुडे बांधले, मोहफुलं वेचली, बोटांवरच्या रेघा केव्हाच झिजून गेल्या. माझ्या हाताला तिची बोटं लागतात ती गुळगुळीत, सुपारीसारखी. मग यंत्रानं तिचा डोळा मागितला. डोळ्यात मोतीबिंदू, यंत्र म्हणालं, डोळा ओळखू येत नाही. बाप्पा! डोळा खराब आहे म्हणून ऑपरेशन, ऑपरेशनसाठी कार्ड, आणि कार्डासाठी चांगला डोळा आणून दाखवा. ही अक्कल ज्याची, त्याला मी एकदा हातात काठी देऊन त्या केंद्राच्या पायऱ्या चढायला लावणार आहे.

तर मी बसनं धानोऱ्याला गेले, तिथून वहिनीनं, म्हणजे आत्याच्या सुनेनं, मला गावात नेलं. गावात रेंज येते ती फक्त बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे गावाचं छोटं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. आम्ही तिघी पाळीवर जाऊन बसलो. खाली घाटावर बायका कपडे धूत होत्या, त्यांच्या थापीचा आवाज एकसारखा येत होता. वहिनीनं माझा मोबाइल आत्याच्या तोंडासमोर धरला.

कॉल लागला. माणूस तरुण वाटला, आवाजात घाई होती. "नमस्कार आजी. हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुमचं पूर्ण नाव सांगा."

आत्यानं स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव सांगितलं.

"मधलं राहिलं आजी. पतीचं नाव."

"ते गेले ना जी."

"हो, पण नाव सांगा."

"आमच्यात घेत नाई जी."

बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही आमच्या गावातली जुनी रीत. लग्नात, हळदीकुंकवात उखाण्यातून घेतात तेवढंच. एरवी 'हे', 'पोट्ट्याचे बाप', 'घरचे'. रेशनच्या दुकानात, मतदानाच्या खोलीत कोणी ना कोणी गावचं माणूस असतंच. ते म्हणतं, ही अमक्याची बायको, आणि बाई मान हलवते. झाली ओळख. आमच्याकडे ओळख अशीच पटते, दुसऱ्याच्या तोंडून. स्वतःच स्वतःची ग्वाही द्यायची वेळ आत्यावर आजवर कोणी आणली नव्हती.

तो म्हणाला, "बाजूच्या ताई, तुम्ही समजवा त्यांना."

वहिनी पुटपुटली, "ते माहे मामाजी होत जी." म्हणजे सासरे. सुनेनंही सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तिनं मोबाइल धरलेला हात आखडून घेतल्याचं मला तिच्या बांगड्यांवरून कळलं.

मग राहिले मी. मला कसली अडचण? मी ते नाव खणखणीत सांगितलं. वर म्हटलं, "तुमच्यासमोर लिहिलेलंच असेल ना? ताडून पाहा."

"मॅडम, तुम्ही बोलू नका," तो म्हणाला. "दुसऱ्यानं उत्तर दिलं तर अर्ज बाद होतो. नाव त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे."

"अहो, त्या घेत नाहीत! रीत आहे त्यांची. दुसरं काही विचारा. गाव विचारा, मुलाचं नाव विचारा, शेताच्या चारी बाजूला कोण कोण आहे ते विचारा, घडाघडा सांगतील."

"मला दुसरा प्रश्न विचारता येत नाही मॅडम. स्क्रीनवर हाच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस म्हणून बसवलाय ना रे तिथं? मग यंत्रानं काय वाईट केलं होतं? त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता, कॉल तुटला असता तर पुन्हा लागायची खात्री नाही, आणि गाडी परवा येणार होती.

वहिनी हळूच म्हणाली, "बाई, उखाण्यात घ्या ना."

"काय बोलून राह्यली वो!" आत्या उसळली. "उखाणा सवाशिणीचा असते. मी कायची सवाशीण?"

"आजी, वेळ संपत आली," तिकडून आवाज. "ओळख पटली नाही असं टाकू का?"

आत्यानं विचारलं, "मंग डोळ्याचं?"

"ओळख नाही पटली तर कार्ड होणार नाही आजी."

तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढल्याचा आवाज मला आला. मग तिनं ते नाव घेतलं. हळू, कोणाला तरी झोपेतून उठवायचं नसावं इतक्या हळू. पाठोपाठ आडनाव. मी आत्याला एवढी वर्षं ओळखते, तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

तिकडे खरखर झाली. "आवाज कट झाला आजी. परत एकदा सांगा. जरा मोठ्यानं."

मी मोबाइल हिसकावून बोडीत फेकणार होते, देवाशपथ. पण आत्यानं माझं मनगट धरलं. आणि ती ओरडली. पहिलं नाव, त्यांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात, पार पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं. घाटावरच्या थाप्या थांबल्या. एक बाई काहीतरी बोलली, दुसरीनं तिला गप्प केलं.

"धन्यवाद आजी, तुमची ओळख पटली आहे," तो म्हणाला, आणि कॉल संपल्यावर मोबाइलमधली तीच गोड आवाजाची बाई म्हणाली, "आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

आम्ही घरी आलो. वहिनीनं ताट वाढलं, आत्यानं ते बाजूला सारलं. मी म्हटलं, "आत्या, काही पाप नाही झालं." ती म्हणाली, "तुह्यासाठी नाई झालं."

दुसऱ्या दिवशी मी गडचिरोलीला परतले, तर मॅडमचा फोन. मी म्हटलं, नापास. त्या म्हणाल्या, "पण ताई, प्रक्रिया तर पूर्ण झाली. सत्याऐंशी टक्के लोकांना" वगैरे काहीतरी त्या सांगू लागल्या, मी मध्येच तोडलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही नाव विचारलं नाही, तुम्ही बाईला गावासमोर उभी करून तिच्या तोंडातून ते उपसून काढलं." त्या समजुतीनं म्हणाल्या, "मी समजू शकते. पण या जुन्या रूढी मोडायलाच हव्यात ना? तुम्ही इतक्या शिकलेल्या."

इथं माझं डोकं सणकलं. मलाही ती रीत पटत नाही. माझं लग्न झालं असतं तर मी नवऱ्याला नावानं हाक मारली असती आणि भांडले असते तर नावानंच भांडले असते. पण आत्याला ती रीत मोडायची असेल तर तिनं मोडावी, तिच्या मर्जीनं, तिला वाटेल त्या दिवशी. तिचे डोळे गहाण ठेवून तिच्याकडून मोडून घेणारे तुम्ही कोण? आणि तुम्ही काही सुधारणा करायला निघाला नव्हतात. तुमच्या पडद्यावर दुसरा प्रश्न लिहायचा कोणाला कंटाळा आला, एवढंच. हे सगळं मी बोलले. त्या म्हणाल्या, "तुमचा अभिप्राय नोंदवून घेते."

कार्ड निघालं. आत्या गाडीत बसून गेली, ऑपरेशन होऊन आली, चांगलं झालं. काही दिवसांनी मी तिच्याकडे गेले, तर अंगणात शिरताच ती लांबूनच म्हणाली, "वो पोरी, किती वाळली वो तू!" मला इतका आनंद झाला की मी तिथंच दारात तिच्या गळ्यात पडले. ती तांदूळ निवडत होती, खडे स्वतः वेचत होती, कोंबडीला नावानिशी हाकलत होती.

येताना बोडीच्या पाळीवर मॅडमचा निरोप आला होता, तो मी आता उघडला. माझ्या मोबाइलनं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. अहवाल छान झाला होता, त्यात आत्याचा उल्लेख होता, 'ज्येष्ठ ग्रामीण महिलेनं दुसऱ्या प्रयत्नात ओळख यशस्वीपणे सिद्ध केली'. सोबत छापायला आजींचा एक हसरा फोटो मिळेल का?

आत्यानं विचारलं, "काय म्हणते थे?" मी मोबाइल पिशवीत टाकला. वहिनी मला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि माझा हात भिंतीवर ठेवला. तिथं आत्याच्या नवऱ्याचा फोटो असायचा. हाताला काच लागली नाही, मागचा खरखरीत पुठ्ठा लागला. फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता.

"दवाखान्यातून आल्या त्या दिवशी त्यायनंच उलटा केला," वहिनी हळूच म्हणाली. "म्हणतेत, आता मले दिसते. त्यायच्याकडं कोणत्या तोंडानं पाहू?"