जेवणाची राखण

जवळजवळ दोन वर्षं मी रोज सकाळी सातच्या एसटीनं बीडला डबा पाठवला. गेवराईच्या स्टँडवर ड्रायव्हरमागच्या जाळीला पिशवी अडकवायची, बीडला माझ्या मुलीनं येऊन ती काढून घ्यायची आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. क्लाससाठी पोरं बीडला ठेवलेल्या आमच्याकडच्या कितीतरी आयांचा हाच उद्योग. त्या सगळ्यांत माझाच डबा स्वच्छ परत यायचा, झाकणाच्या कडेलाही कालवण नसायचं. मी तो शेजारणीला उघडून दाखवायचे. तिच्या मुलीचा डबा अर्धा परत येई, म्हणून पोरांना वळण कसं लावावं यावर तिला चार गोष्टीही सुनावल्या होत्या.

दिवाळीत मुलगी घरी आली तेव्हा कपडे अंगावर लोंबत होते. अभ्यासानं वाळली, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. उलट थोडा अभिमानच वाटला. पुढच्या महिन्यात होस्टेलच्या बाईंचा फोन आला, की ती क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. आम्ही दोघं धावत गेलो. तिच्या खोलीतल्या मुलीनं खाली मान घालून सांगितलं की डबा रोज ती स्वतःच खायची, आमची मुलगी फक्त घासून ठेवायची. मी त्या परक्या पोरीला वाट्टेल ते बोलले. माझा स्वभाव मुळात तापट, आणि राग कुठंतरी काढायचा होता. माझ्या हातचं खाऊन ती चांगली भरली होती, आणि माझी मुलगी समोर कॉटवर बसली होती. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

बीडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला तिला बोलायला बोलावलं. आम्हाला म्हणाले, घरी न्या, बळजबरी करू नका, सगळ्यांनी मिळून निवांत जेवत जा. ऐकायला किती सोपं. आमच्या घरात असं जेवण कधी झालंच नव्हतं. ह्यांचं कापडाचं दुकान. दुपारचा डबा गादीवरच उघडायचा, गिऱ्हाईक आलं की हात पुसून उठायचं. मी ओट्याशी उभ्या उभ्या कढईत उरलेलं पुसून खायचे, तेही आठवलं तर. वीस वर्षांच्या संसारात आम्ही शेजारी बसून जेवलो ते फक्त लग्नाच्या पंगतीत.

मी लगेच नियम केले. दुपारी दीडला ह्यांनी दुकानाचं शटर ओढून घरी यायचं. टीव्ही बंद. मोबाईल ज्वारीच्या कोठीवर ठेवायचे. परीक्षेचा विषय कुणी काढायचा नाही. पहिल्या दिवशी दोघं ताटावर बसले आणि कळलं, की मार्क सोडले तर मुलीला विचारायला आमच्याकडे दुसरं काहीच नाही. ह्यांनी स्टँडकडचा रस्ता खोदलाय असं सांगितलं. मी म्हणाले, यंदाची ज्वारी पांढरीशुभ्र निघाली.

मी गॅसपाशी भाकरी थापत होते. आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, त्यामुळे वाढणाऱ्या बाईचं बूड जमिनीला टेकत नाही. मुलगी भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून ताटाच्या कडेनं मांडत होती. माझा एक हात परातीत, डोळे तिच्या ताटावर. तिचा हात तोंडाकडे निघाला की माझं थापणं थांबायचं आणि ह्यांचं चावणं. हात परत खाली गेला की मी पुन्हा थापायला लागायचे.

महिनाभर मी काय काय केलं. धपाटे केले, येसराचं भाजकं पीठ लावून आमटी केली, शेंगदाण्याची चटणी ताजी कुटली. कपिलधारला पायी येईन म्हणून नवस बोलले. वरणात चोरून तूप घातलं. तिला ते कळलं आणि तिनं वरणही सोडलं. मला काही सुचत नव्हतं. ही पोरगी माझ्या डोळ्यांदेखत, भरल्या ताटापुढं बसून जाणार, हेच सारखं मनात यायचं. एका दुपारी मी तिचा जबडा धरला आणि घास आत कोंबायला लागले. तिनं ओठ घट्ट मिटले. आमटी हनुवटीवरून ड्रेसवर ओघळली. ह्यांनी माझं मनगट धरून मला मागं ओढलं.

"का म्हून जीव घेतीस तिचा?" ते म्हणाले.

मी भिंतीला टेकून रडत बसले. मुलीनं तोंड पुसलं. ती चिडली नव्हती, फक्त फार थकलेली दिसत होती.

"आई, तू जेवत न्हाईस. तू माझी राखण करतीस."

लहानपणी माहेरच्या रानात माळ्यावर उभं राहून मी ज्वारीवरची पाखरं हाकलली आहेत. पाखरानं खाऊ नये म्हणून ती राखण. इथं मी पाखरानं खावं म्हणून उभी होते. पण पाखराला काय, ते उभं माणूस बघून उडतंच.

दुसऱ्या दिवशी सगळ्या भाकऱ्या बारालाच करून फडक्यात बांधल्या आणि गॅस बंद केला. ह्यांनी जन्मात गार भाकरी खाल्ली नव्हती, पण त्या दिवशी तीच मोडून घेतली. मी तिसरं ताट घेतलं आणि मुलीच्या शेजारी बसले, समोर नाही. पहिला घास तोंडात घातला. तो तोंडात फिरत राहिला, गिळवेना. काल मी काय खाल्लं होतं ते आठवून बघितलं. काही आठवलं नाही. परवाचंही नाही.

मुलगी माझ्या ताटाकडे बघत होती.

"तू कधीपसून जेवली न्हाईस?" तिनं विचारलं.

तिनं माझ्याच भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

"तू एक खा. मग मी एक खाते."

मी खाल्ला. तिनं नखाएवढा तुकडा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावला.

याला आता तीन आठवडे झाले. कधी तिचे पाच घास होतात, कधी आठ. तिच्या एका घासाला आता माझे चार-पाच लागतात. परवा एकही नाही. मी ताटासमोर तीन वाजेपर्यंत तशीच बसून होते. बांगडी अजून कोपरापर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, आणि तेवढा वेळ आमच्याकडे आहे की नाही, हे विचारायची माझी छाती होत नाही.

आज दुपारी ह्यांचं जेवण आटोपलं तरी आम्ही दोघी बसूनच होतो. माझ्या दोन भाकऱ्या झाल्या होत्या, तिसरी अर्धी. छातीत जळजळत होतं. ह्यांनी डोळ्यांनीच मला पुरे म्हणून खुणावलं. मुलगी माझ्या हाताकडे बघत थांबली होती. मी पुढचा घास तोडला.