सूनतळ्याची खरी ओटी

धामणखेड्यात वच्छलाबाईला तोंडावर अक्का म्हणत आणि पाठीमागे सीआयडी. नाव काही उगाच पडलं नव्हतं. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवल्याशिवाय ती दूध घेत नसे, वांगं नखाने टोचल्याशिवाय टोपलीत टाकत नसे, आणि साक्रीच्या बाजारात दुकानदार जितका गोड बोलेल तितकी ही मागे सरके. "गोड बोलनारा मानूस माप मारस," हे तिचं ठरलेलं वाक्य. लोक हसायचे. हसू देत बापडे! नवरा तरुणपणीच साप चावून गेला, मागे कडेवरचा छगन. अशा बाईने जगावर भरवसा ठेवून चाललं असतं होय?

एकच गोष्ट तिने मुकाट्याने सोसली. छगनची बायको सुनंदा पहिलटकरीण असताना घरी ओटीभरण झालं. गल्लीतल्या पाच सवाष्णी पाटाभोवती बसल्या. पहाटेपासून जिने सांजोऱ्या तळल्या, ती वच्छलाबाई आतल्या खोलीत. विधवेचा हात लागला की ओटी बाटते ना! तिला जा असं कोणीच म्हटलं नाही. तिची तीच उठली आणि दाराच्या फटीतून सुनेचा भरलेला पदर बघत राहिली. फार लागलं तिला ते.

आता तळ्याची गोष्ट सांगायला हवी. गावाला मोठं तळं होतं, सूनतळं. फार पूर्वी खोदलं तेव्हा पाणी लागेना. मग म्हणे देवी पाटलाच्या स्वप्नात आली आणि तिने थोरली सून मागितली. सून हिरवं लुगडं नेसली, पाच जणींकडून ओटी भरून घेतली, तळ्याच्या पोटातल्या विहिरीत दिवा ठेवायला हसत हसत शिडीने उतरली, आणि पाणी उसळून वर आलं.

"हासत हासत कोन मरस वं?" वच्छलाबाईचा संशय नेमका तिथेच. तिच्या सासूने तिला जात्यावर एक ओवी शिकवली होती. पाटलांच्या घरातल्या बाया गाणं म्हणताना तेवढी, शिडी का ओढली असं सासऱ्याला विचारणारी, ओवी गाळायच्या:

सासराजी मना, तुमनी शिडी कसाले वढी,
दिवा ठेवा मी खाले, वर येऊ कसी?

एकोणनव्वद साली त्याच पाटलांच्या वंशातले हिलालनाना सुरतेकडची कुठलीशी बाग बघून आले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. तळ्याला तारेचं कुंपण पडलं, फाटकावर तिकीट आलं. होड्या, झोके, कुल्फीची गाडी, झाडावर कर्णा. काठावर सिमेंटच्या मूर्ती: हात जोडलेला सासरा, पदर तोंडाला लावून रडणारी सासू, आणि मधोमध हसणारी सून. दर रविवारी खेळ. जिवंत बाई हिरवं लुगडं नेसून येणार, ओटी भरून घेणार, काठावरच्या लाकडी विहिरीत उतरणार, आणि आतून लाल दिवे लागणार.

वच्छलाबाई थेट नानांच्या ओट्यावर गेली. "नाना, ते तिनं मरनं व्हतं. तुम्ही त्याना तमाशा मांडी ऱ्हायनात."

नाना शहाणे माणूस, बोलणं ऑफिसातलं. "अक्का, जग कुठे गेलं! लोकांना अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टी हव्या असतात. आपण तिचं नाव जिवंत ठेवतोय. गावातल्या चार पोरांना काम लागेल, ते वेगळंच."

"जिले मारी टाकी, तिनं नाव जित्तं ठेवतस!" ती उठून आली. पण काम लागलं हे खरं. आधी छगनला होडी मिळाली आणि मग, सुनेचं काम करायला नीटस, धीट बाई हवी म्हणून, सुनंदाला बोलावणं आलं.

घरात रण माजलं. सासू जेवेना. शेवटी सुनंदाने तिला खेळाची ओटीच हातात दिली. "आत्या, देखा ना. नारय लाकूडना शे, तांदूय भूसाना. नाटक शे नुसतं!" वच्छलाबाईने नारळ कानाशी हलवला, भुसा बोटांत चोळला. खोटं आहे याची खात्री पटली तेव्हा कुठे तिच्या घशाखाली घास उतरला.

पहिली दोन वर्षं बरी गेली. धुळ्याहून गाड्या यायच्या, शिट्ट्या वाजायच्या. पुढे मात्र बाया शिट्ट्यांऐवजी हात जोडायला लागल्या. कोणी सुनंदाच्या पायाशी बाळ ठेवी, कोणी तिच्या लुगड्याच्या काठाला दोरा बांधून नवस बोले. शेजारची ताईबाई तर सकाळीच हळदकुंकू घेऊन दारात. सुनंदा लाजून हसायची. सासूला मात्र धडकी भरली. "आज पाया पडतस, उद्या तोच पाय धरीसन वढतीन," ती छगनला म्हणाली. छगन हसला. सीआयडीचं पोरगं, पण अगदीच भोळं निघालं.

आणि मग पाऊस दडी मारून बसला. ब्याण्णवचा उन्हाळा लागता लागता सूनतळं आटलं. होड्या भेगाळलेल्या चिखलात कलंडून पडल्या, कुल्फीवाला साक्रीला परत गेला. तळ्याच्या पोटातली खरी जुनी विहीर उघडी पडली. आत गाळ, आणि वरून बघितलं तर तळ दिसेना.

गाव आधी कुजबुजलं, मग उघड बोललं. दर रविवारी देवीला खोटी ओटी दाखवली, ती कोपली. आता एकदा खरी दाखवायला हवी. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सुनंदाने खऱ्या विहिरीत उतरून दिवा ठेवायचा आणि वर यायचं. बस, एवढंच. नानांनी तर कर्णा लावून तालुकाभर पुकारा केला. त्यांना ओसाड बागेत पुन्हा गर्दी दिसत होती.

"एवढंच," वच्छलाबाई स्वतःशी पुटपुटली. त्या पहिल्या सुनेलाही एवढंच सांगितलं असेल की!

तिने छगनचा हात धरला, "तिले जाऊ नको दिऊ," म्हणाली. छगन मान खाली घालून बसला. नानांना नाही म्हणायचं आणि याच गावात राहायचं, दोन्ही कसं जमायचं? ताईबाई हळदकुंकू घेऊन यायची ती थांबली होती. दुसऱ्या कामाने आली तरी सुनंदाच्या पायाकडे बघायची, तोंडाकडे नाही. वच्छलाबाईने हे हेरलं.

अखाजीचं ऊन तव्यासारखं. तळ्याच्या कोरड्या पोटात ही गर्दी! डफ वाजत होते. सुनंदाला नवं कोरं हिरवं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा. गावाने वर्गणी काढून आणलं होतं म्हणे. अहो, ज्या गावात प्यायला टँकरची वाट बघायची, त्या गावाने लुगड्याला वर्गणी काढली? फुकटच्या लुगड्याच्या पदराला फासाची गाठ असते, हे वच्छलाबाईला कोणी सांगायला नको होतं.

पाच सवाष्णींनी ओटी भरली. वच्छलाबाई रीतीप्रमाणे मागे, विधवांच्या घोळक्यात उभी होती. टाचा उंचावून तिने बघितलं. नारळाला शेंडी होती. तांदूळ पांढरे, खरे.

मग तिची नजर शिडीवर गेली. शिडीच्या वरच्या पायरीला जाड दोर बांधला होता आणि दोराचं दुसरं टोक चार गड्यांच्या हातात.

"ओ भाऊ," ती तिथूनच ओरडली, "दोर कसाले शे?"

"शिडी धराले, अक्का!"

"शिडी धराले हात ऱ्हास. दोर ऱ्हास तो वढाले!"

दोन-चार जण हसले. पण ते चौघे हसले नाहीत. त्यातला एकही तिच्याकडे बघेना. डफाचा आवाज वाढला. नानांनी कर्ण्यातून नाव पुकारलं. सुनंदाने दिवा उचलला, विहिरीच्या काठाशी आली आणि वळून, गर्दीत शोधत, सासूकडे बघितलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. कसलं हसत हसत!

वच्छलाबाई घुसली. कोपर मारत, पाय तुडवत, शिव्या खात ती घोळक्यातून पुढे आली आणि कोणाला कळायच्या आत तिने दोन्ही हात सुनेच्या भरल्या ओटीत घातले. ओंजळभर तांदूळ काढून आपल्या पदरात टाकले. नारळ उचलला, तोही पदरात. उरलेलं हळकुंड, सुपारी, सगळं ओरबाडून घेतलं. डफ थांबला.

"देखा, बठ्ठा जन देखा!" तिचा आवाज फाटला. "हाई ओटी आते मनी शे. रांडमुंडनी ओटी! चालस का तुमनी देवीले? चालत व्हई ते सांगा, मी उतरस खाले. वढा मंग शिडी!"

बाटली ना ओटी! ज्या पाच जणींनी ती भरली होती त्या चटका बसल्यासारख्या मागे सरकल्या. दोर धरणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोर खाली टाकला. आता कुठे छगनला जाग आली. त्याने बायकोचा हात धरला आणि तिघं गर्दीतून निघाली. वाट आपोआप झाली, विधवेचा पदर आपल्याला लागू नये म्हणून.

फाटकाशी नाना आडवे आले. घाम पुसत म्हणाले, "अक्का, भलता संशय घेतलात हो. नुसता दिवा ठेवायचा होता." आणि ती पुढे गेल्यावर शेजारच्या माणसाला हळूच बोलले, "पुढच्या साली धुळ्याच्या ऑर्केस्ट्रातली पोरगी आणू." वच्छलाबाईचे कान तिखट. तिने ऐकलं, आणि त्यांच्या फाटकावर पचकन थुंकली.

घरी आल्यावर तिने ते तांदूळ अंगणात फेकले आणि कोंबड्या खातात की नाही हे नीट उभी राहून बघितलं. नारळ उकिरड्यात गेला. सुनंदा चुलीशी बसली होती, पोरगं बाजूला निजलं होतं. चुडा तिने उतरवून ठेवला होता.

"आत्या, ती सूनले सासू व्हती का?"

"व्हती ना."

"मूर्तीमा ती रडी ऱ्हायनी. खरंखुरं काय करी ती?"

वच्छलाबाईने चुलीत लाकूड सारलं. "ती सवाशीन व्हती, पोरी. पहिली ओंजय तिनीच भरी."

मग सुनंदा उठली, पाट मांडला, त्यावर बसली आणि सासूपुढे पदर पसरला. "तुम्ही भरा."

"याड लागनं का तुले? कोनी देखं म्हंजे?"

"भरा म्हनस ना मी."

वच्छलाबाई डब्याकडे गेली. गहू हातात घेऊन तिने किडके तर नाहीत ना ते निवडून बघितलं. सवयच ती. मग दाराची कडी लावायला वळली.

"ऱ्हाऊ द्या उघडं," सुनंदा म्हणाली.

तिने दार उघडंच ठेवलं आणि सुनेची ओटी भरली.