बुडीतवाल्यांवर फवारणी

पंप कापसावर औषध मारायचा होता. तोच पाठीवर अडकवून गावातले मोठे शेतकरी बापूसाहेब वेशीत उभे राहिले आणि माझ्या म्हाताऱ्याला म्हणाले, "हात वर कर." त्यानं केले. जंतू मारायच्या औषधाचा फवारा डोक्यावर, तोंडावर, धोतरावर. मग कुणी न सांगता माझा नवरा हळूच वळला आणि त्यानं पाठ पुढं केली.

लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढरं धुतो. एक अंग झालं की मेंढराला फिरवतो, दुसरं धुतो. सगळा जन्म मेंढरांत गेलेला माणूस. त्यानं स्वतःलाच तसं फिरवून दिलं. जमलेले सगळे खो-खो हसले. एकानं मोबाईल धरला होता.

"म्हातारे, पदर सार. तुलाबी मारतो," बापूसाहेब म्हणाले.

मी पदर सारला. धावत आले होते ती त्याला सोडवायला, आणि उभी राहिले त्याच्या शेजारी, भिजत. अजून आठवलं की मान खाली जाते.

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी नवी नवरी होते. सरकारनं ह्या गावाच्या कडेला माळावर जागा दिली. इथंच पोरं झाली, नातवंडं झाली, केस पांढरे झाले. पण नाव पडलं ते बुडीतवाले. पाण्यावरून, बांधावरून जरा काही झालं की, "आपल्या गावाला जा." कुठल्या गावाला जाणार? तिथं मासे फिरतात.

कोरोना आला आणि गावानं आमच्या वस्तीच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. आमची पोरं पुण्याला कामाला, म्हणजे रोग येणार तो आमच्याकडंच, असा गावाचा हिशोब. पोरं तर तिकडंच अडकली होती. बाजार बंद, देऊळ बंद, पाहुणा नाही की रावळा नाही. म्हातारा दारात बसून काट्यांकडं बघत राहायचा. जेवण सुटलं. झोप उडाली. मग एका सकाळी त्यानं भांडी, घोंगडं, देव, सगळं गाठोड्यात बांधलं आणि म्हणाला, "ऊठ. पाणी चढायलंय."

ऐन उन्हाळा. हापसा कोरडा पडलेला.

तो गाठोडं बांधायचा, मी सोडायची. शेजारणीला सांगितलं, ऊन लागलंय. आशाताई काट्यांपलीकडून विचारायच्या, "ताप हाय का? खोकला?" मी म्हणायची, न्हाई. मनाचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. घरातला माणूस येडा झाला म्हटलं की त्या घरची मुलगी कोण करणार? नातीचं लग्न जमत आलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ आवळून बसले, आणि आत माझा माणूस खंगत गेला.

फवारणी झाली त्या सकाळी मी मेंढरांमागं होते. तेवढ्यात हा काट्यांतून घुसला. धोतर फाटलं, पोटऱ्या रक्तानं भरल्या. गावात शिरून त्यानं दारं बडवली. "उठा! पाणी आलंय! लेकरं उचला!" ज्या गावानं त्याला बाहेर ठेवलं, तेच गाव वाचवायला गेला होता येडा. गावानं त्याला धरलं आणि पंप आणला.

घरी आणून मी त्याचे डोळे धुतले. लालभडक झाले होते. त्या डोळ्यांनी माझ्याकडं बघून तो म्हणाला, "निघाली का गं समदी माणसं?"

"निघाली," मी म्हणाले. आणि चुलीपुढं बसून पदर तोंडात कोंबून रडले. इतके दिवस मला त्याची लाज वाटत होती. त्या दिवशी माझीच वाटली.

पेरणीच्या तोंडावर बापूसाहेब काट्यांपाशी आले, तोंडाला उपरणं बांधून. पेरणीआधी शेतकरी रानात मेंढरं बसवतात. कळप रात्री शेतात मुक्कामाला राहतो, लेंड्यांचं खत पडतं, बदल्यात आम्हाला ज्वारी मिळते. बापूसाहेबांच्या रानात दरसाल आमचाच कळप. आमची चूल त्याच ज्वारीवर.

"औंदा कधी आणतीस मेंढरं?" त्यांनी विचारलं. काही झालंच नव्हतं जणू.

"मेंढराला रोग लागत न्हाई का?" मी विचारलं.

"मेंढराला कसला रोग?" ते हसले. "तू आधी म्हाताऱ्याला बांधून ठेव. येडं हाय ते."

ह्या माणसापुढं मी कधी मान वर केली नव्हती. "येडे न्हाईत," मी म्हणाले. "त्यांना मनाचा आजार हाय. मी त्यांना परभणीला दवाखान्यात न्यायलेय. अन् मेंढरं तुमच्या रानात बसणार न्हाईत. औंदा न्हाई, कधीच न्हाई."

"मग खाशील काय?"

"ते मी बघते."

सगळ्या वस्तीनं ऐकलं. इतके दिवस झाकलेलं मीच चव्हाट्यावर मांडलं होतं. मग मी फांद्या ओढायला लागले. हात फाटले. बापूसाहेब मागं मागं सरकत गेले, माझा वारा लागेल म्हणून. दुधाच्या टेंपोतून आम्ही परभणी गाठली. वाटेत पोलिसानं अडवून विचारलं, काय झालंय ह्याला? मोठ्यानं सांगितलं. त्यानं सोडलं.

गोळ्या सुरू झाल्या. झोप आली. पण म्हातारा पुरता बरा झाला नाही, होईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. नातीचं जमत आलेलं लग्न मोडलं. ते वर्ष आम्ही रेशनच्या तांदळावर काढलं. रोग गेला, गाव विसरलं. बापूसाहेब आता लांबूनच रामराम घालतात. मी घेत नाही.

नातीला बघायला पाहुणे अजून येतात. सून म्हणते, मामांना आत बसवू. मी बसवत नाही. धुतलेलं धोतर नेसवून त्याला माझ्या शेजारी सतरंजीवर बसवते, आणि चहा यायच्या आधी पाहुण्यांना सांगते, "मुलीच्या आजोबांना मनाचा आजार हाय. औषध चालू हाय. पटलं तर बसा."

उठून जाणाऱ्यांना मी दारापर्यंतसुद्धा सोडायला जात नाही.