रुमालाखालचा खोकला

डॉक्टरने मला फसवलं. मेडिकलवाल्याने त्यात भर घातली. मी बैलांचा दलाल. फसवणूक ओळखण्यावरच माझं घर चालतं, तरी फसलो.

त्या दिवशी बाजारात उंद्रीचे साहेबराव जोडी घेऊन आले होते. आमचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून भाव सांगतात. जितकी बोटं, तितका आकडा. एका गिऱ्हाइकासाठी मी साहेबरावांची तीन बोटं धरली होती. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. कोरडी, थांबेचना. आधाराला म्हणून मी त्यांचा अख्खा पंजा, म्हणजे पाची बोटं, आवळला.

"दिला!" साहेबराव ओरडले. "पंजा दिला भाऊनं!"

"अबे, खोकला आला मले!"

"खोकला तुमचा, त पंजा बी तुमचाच."

लोक हसले. रुमालाखालचा शब्द फिरवला असता, तर माझ्या हातात पुन्हा कोणी हात दिला नसता. गिऱ्हाइकाने तिनाचाच भाव दिला. वरचा फरक मी खिशातून भरला.

पण खरी भीती वेगळी होती. माझा चुलता असाच खोकत टीबीने गेला होता. मी माझा ग्लास वेगळा ठेवायला लागलो. बायकोने नातीला माझ्या ताटात जेवू देणं बंद केलं. डॉक्टरने एक्स-रे काढला. साफ आला. "हवा बदलली आहे," म्हणाले. मला उलट जास्त धडकी भरली. सापडलेल्या रोगाला औषध असतं, न सापडलेल्याचं काय?

मेडिकलवाल्याने काही न विचारता खोकल्याची बाटली दिली. पुढच्या तपासणीत बीपी वाढलेलं. डॉक्टरने माझी नुकतीच सुरू झालेली बीपीची गोळी डबल केली. खोकलाही वाढला. बाजारात लोक माझ्यापासून हातभर लांब उभे राहायला लागले.

जनावर बिघडलं की आम्ही आधी विचारतो, चारा कधी बदलला? एका सकाळी चहा घेताना मी स्वतःलाच तो प्रश्न विचारला. खाणंपिणं तेच होतं. नवीन होती ती फक्त बीपीची गोळी. पाकीट आणि बाटली घेऊन तसाच दवाखान्यात गेलो.

"डॉक्टर, ह्या गोळीनं खोकला येते का?"

"काहींना येतो," ते म्हणाले.

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मले काय मालूम, इचारा लागते म्हणून!"

त्यांनी बाटली फिरवून पाहिली. "ही कोणी दिली? यात सर्दीचं औषध आहे. त्याने बीपी वाढतं."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे बाटलीनं बीपी वाढलं, म्हणून तुमी गोळी वाढवली. गोळीनं खोकला वाढला, म्हणून मी बाटली वाढवली. घाण्याले जुपलं का मले?"

त्यांनी बाटली बंद केली, दुसऱ्या प्रकारची गोळी लिहून दिली. काही आठवड्यांत खोकला गेला. नात पुन्हा माझ्या ताटात जेवते. मी शिकलो ते एवढंच, की गोळी मनाने सोडायची नाही, डॉक्टरकडून बदलून घ्यायची.

पण माझा हिशोब मिटलेला नाही. बैल विकताना मारका असेल तर मला तसं सांगावं लागतं. लपवलं तर चार माणसं माझ्या दारात येतात आणि बैल परत घ्यायला लावतात. मग गोळीची खोड कोणी सांगायची? लिहिणाऱ्याने की विकणाऱ्याने? दोघांपैकी एकाने माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं.