तांदळातला शिक्का

दुपारचं जेवण झालंय, पंखा गरगरतोय, आणि डोळा लागतो न लागतो तोच संपत माझ्या पायाशी येऊन बसतो. संपत म्हणजे माझा धाकटा भाऊ. दारूपायी गेला, त्याला सहा वर्षं झाली.

त्याच्या मांडीवर माझ्या कादंबरीची वही आहे. मी मुलांसाठी जादूच्या राज्यांच्या गोष्टी लिहिते. या गोष्टीतल्या राजाकडे एक मुद्रा आहे. तिच्या जोरावर सगळी प्रजा त्याच्या मुठीत राहते. शेवटच्या प्रकरणात तो ती समुद्रात फेकून देतो.

"अक्का, खरंच टाकतोय व्हय ह्यो?"

"टाकतो. शहाणा झालाय तो."

"न्हाई टाकायचा. म्या किती बाटल्या नदीत टाकल्या तुझ्यासमोर! समद्या रिकाम्या हुत्या."

मला हसू येतं. हसता हसता बघते, तर आम्ही वाचनालयाच्या सभागृहात आहोत. खुर्च्या मांडल्यात, तबकात नारळ आहे. आमच्याकडे रीतच आहे, मावळत्या अध्यक्षाने नारळ आणि वाचनालयाचा शिक्का तबकात ठेवून नव्याच्या हाती द्यायचा. सतरा वर्षं मी अध्यक्ष आहे. दरवर्षी म्हणते, हे शेवटचं. आज पाच वाजता वैजयंती चौगुलेकडे सूत्रं द्यायची आहेत. पोरगी हुशार आहे, मीच तिला पुढे आणलं. पण तबकात शिक्का नाही.

"शिक्का कुठाय?" संपत विचारतो.

"हरवलाय." सकाळी वैजयंतीलाही फोनवर मी हेच सांगितलंय. शिक्क्याशिवाय सभा कशी घ्यायची, पुढच्या महिन्यात बघू.

"पुढच्या म्हैन्यात," तो मान डोलावतो. "म्या बी असंच म्हणायचो. दिवाळी झाली की सोडतो."

माझं डोकंच फिरतं. "तुझं आणि माझं एक करू नकोस, संपत. तू घर बुडवलंस. मी वाचनालय उभं केलं."

"व्हय की. तुझ्या राजानं बी राज्य उभंच केलं हुतं."

खुर्च्यांच्या पायांशी लाटा येतात. सभागृहात वाळू आहे. पुढे पाण्याच्या कडेला माझा राजा उभा आहे, पाठमोरा. त्याने माझी निळी इरकल नेसलीय. मूठ काही तो उघडत नाही, आणि त्याचा हात थरथरतोय, सकाळी उठल्या उठल्या संपतचा थरथरायचा तसा.

"टाक!" मी ओरडते. तो ढिम्म हलत नाही.

"ऱ्हाऊ दे त्याला. डबा उघड," संपत म्हणतो. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यापुढे उभे आहोत. याच डब्यात तो बाटली लपवायचा. कोपरापर्यंत हात खुपसून मी ती कितीदा शोधून काढली आणि त्याला नाही नाही ते बोलले. शिक्का इथे आहे हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"तुला कसं कळलं?"

"जागा माझीच हाय की, अक्का." तो तांदळातून शिक्का बाहेर काढतो.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," मी चिडून म्हणते. "तुझी गेली का?"

"गेली. पर मरावं लागलं त्यासाठी." तो माझा हात धरतो आणि तळहातावर शिक्का दाबतो. "तू तंवर थांबू नगंस."

फोन वाजतोय. मी अंथरुणात उठून बसलेय. तळहातावर जांभळ्या शाईचा गोल आहे, अजून ओला. त्यात 'अध्यक्ष' स्वच्छ वाचता येतंय. बोटांच्या बेचक्यात तांदळाचे दोन दाणे अडकलेत. झोपेत मी उठले होते का, डबा कधी उघडला, काही म्हणजे काही आठवत नाही.

"अक्का, सापडला का हो शिक्का?" वैजयंती विचारते.

'नाही' जिभेवर तयारच आहे. इतका सहज येतो तो शब्द, की मला माझीच भीती वाटते.

"वैजयंती, आत्ताच्या आत्ता घरी ये," मी म्हणते. "माझ्या स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा तू उघड. मी उघडला, तर परत झाकण लावीन."