सात परस खाली

चन्नप्पा कोळ्याने तीस वर्षं लोकांच्या विहिरींत बुड्या मारल्या. निसटलेली मोटर, तुटलेला पाइप, कुणाची चांदीची साखळी, आणि कधीकधी माणूस. सोलापूरपासून अक्कलकोटपर्यंत विहिरीत काही गेलं की फोन त्यालाच यायचा. गेल्या दिवाळीनंतर मात्र त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी बजावलं, आता डोकं पाण्याखाली घालायचं नाही.

"तुमी जाऊ नका अप्पा, कॅमेरा पाठवा," त्याची मुलगी शिवलीला म्हणाली. ती एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होती. तिनेच त्याला सोलापुरात सात रस्ता चौकातल्या सुबोधच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात नेलं.

सुबोधने दोन खोकी समोर ठेवली. दोन्हींवर एकच चित्र होतं. केसाळ कोट घातलेला माणूस पांढऱ्याशुभ्र मैदानात भोकाशेजारी बसलेला.

"ह्यो काय करतोय?"

"मासे धरतोय. तिकडं तळी गोठतात. बर्फाला भोक पाडायचं, कॅमेरा सोडायचा, मासा आला का बघायचं."

"आपल्याकडं बर्फ रसाच्या गाड्यावरच," चन्नप्पा म्हणाला. "भोक मात्र हाय. जरा मोठं."

एकाला पांढरे दिवे होते, चित्र रंगीत. दुसऱ्याचा उजेड डोळ्याला दिसतच नव्हता आणि चित्र काळंपांढरं. वायर दोन्हींची तीस मीटर. गढूळ पाण्यात कुठला चालेल, हे सुबोधलाही ठाऊक नव्हतं. "दोन्ही घेऊन जा," तो म्हणाला. "बघा, आणि एक परत आणा."

कॅमेरे विहिरीत सोडून बघायला शिवलीलाने शहाजी पवारांना आधीच फोन केला होता. त्यांची विहीर जवळची आणि खोल. ते नाव ऐकून चन्नप्पाने मान फिरवली, पण नाही म्हणायला त्याला कारण सापडेना.

कारण होतं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्याच विहिरीत, सात परस खाली, म्हणजे चाळीसेक फुटांवर, एका कोनाड्याशी तो मोटर चाचपत असताना कुणीतरी त्याचं मनगट धरलं होतं. वर आल्यावर त्याने सांगितलं, पिंपळाच्या मुळीत हात अडकला. काठावर पिंपळ होता, लोकांना पटलं. हळूहळू त्यालाही पटत गेलं. फक्त त्या मुळीला पाच बोटं होती, आणि ती त्याला एकेक मोजता आली होती.

भर दुपारी ते विहिरीवर पोचले. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून शिवलीलाने दोघांच्या डोक्यावरून चादर ओढली. आत अंधार झाला.

पांढऱ्या दिव्यांचा कॅमेरा आधी सोडला. पाण्यातला गाळ उजेडात असा चमकला, की धुक्यात गाडीचे दिवे लावल्यासारखं झालं. तो वर ओढला आणि दुसरा सोडला. आता दगड स्पष्ट दिसायला लागले. चार मासे कॅमेऱ्याच्या तोंडाशी येऊन त्याच्याबरोबर खाली निघाले. शिवलीला हसली. चन्नप्पा वायरवरच्या खुणा मोजत होता.

सात परसांवर कोनाडा आला. त्याने वायर हळूहळू फिरवली. घडीव दगड, सांधे घट्ट बसलेले. मुळी कुठेच नव्हती. साधी काडीही नव्हती.

"अप्पा, मासे कुठं गेले?"

मासे वरच थांबले होते. कोनाड्याच्या पातळीला एकही उतरला नव्हता. चन्नप्पाने कॅमेरा आणखी जवळ नेला. विहिरीतल्या प्रत्येक दगडावर बोटभर गाळ साचलेला होता. कोनाड्यातला दगड मात्र लख्ख होता, रोज कुणी बसून उठावं तसा.

"कासव बसत असंल," शिवलीला म्हणाली. चादरीखाली तिचा आवाज बारीक झाला होता.

"असंल की."

त्याने वायर ओढायला घेतली. ती जड लागली, मग एकदम हलकी झाली. कॅमेरा वर आला तेव्हा त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तोच कॅमेरा त्याने ठेवून घेतला. "मोटर तीस फुटांखाली सोडू नका," एवढंच त्याने शहाजींना सांगितलं. "का हो चन्नप्पा?" "तळाला गाळ लई हाय."

वैशाखात पाणी खाली गेलं आणि शहाजींचा फोन आला, कोनाडा उघडा पडलाय, बघायला या. चन्नप्पा गेला नाही. शिवलीला सुट्टीच्या दिवशी एकटीच गेली. संध्याकाळी येऊन ती उंबऱ्यातच बसली.

"कोरडा पडलाय अप्पा. आत बोटभर गाळ हाय. भेगा पडल्यात त्याला. तिथं कुणी बसत न्हाय."

"म्हंजे आता बसत न्हाय," चन्नप्पा म्हणाला.

ती उठली आणि पाय धुवायला मोरीकडे गेली.

त्याचं काम आता बरं चाललंय. कानाला त्रास नाही, अंग भिजत नाही, दिवसाला दोन-तीन विहिरी होतात. विहीर कुणाचीही असो, कॅमेरा सोडला की तो आधी भिंतीवरून गोल फिरवतो, एकेक कोनाडा, एकेक सांधा, अगदी तळापर्यंत. मग मोटर शोधतो. मालक काठावर उभे राहून कौतुकाने म्हणतात, माणूस बारकाईनं काम करतो.